वळणाची माया

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान आहे आणि दुकानामागेच त्यांचं घर. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी बरोबर त्यांच्या डोक्यावर राहतो, त्यामुळे त्यांचं मशीन आणि आमच्या वहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, दोघांचाही आवाज मला सकाळ-संध्याकाळ असतो. मशीन अधूनमधून थांबतं.

मास्तरांची ख्याती म्हणजे माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, ती माया. दुसरे शिंपी ती चोरतात, मास्तर सढळ हाताने ठेवतात. "माणूस आज आहे तसा उद्या राहत नाही," म्हणतात आणि माझ्या पोटाकडे बघतात. माझी एकच पँट त्यांनी इतक्यांदा उसवून सैल केली आहे की आता आत माया नाही, फक्त आशा उरली आहे.

तर अशा या मास्तरांना सायकल चालवता येत नाही. लहानपणी एकदा बसले होते, ते थेट म्हशीपाशी थांबले. तरीही गावामागच्या डोंगरावर सायकलवाल्यांची जी मातीची वाट आहे, तिची निगा राखणाऱ्या मंडळींत आज हेच पुढारी. कसे, ते मीच सांगतो. त्यांना विचारलंत तर ते लाजून विषय बदलतील आणि वहिनींना विचारलंत तर तुमचा अख्खा दिवस जाईल.

झालं असं, की दुकानात फाटक्या पँटींची रीघ लागली. पोरांच्या, पोरांच्या बापांच्या, एक तर बँकेतल्या मॅनेजरबाईंची. सगळ्या त्या डोंगरावरच्या वाटेवर पडून डाव्या गुडघ्यावर फाटलेल्या. मास्तरांना चैन पडेना. "सगळ्या जगाचा डावाच गुडघा कसा फाटतो?" म्हणत एका रविवारी ते चपला फटफटवत डोंगर चढले आणि उतारावरच्या एका वळणाशी जाऊन बसले. बघता बघता दोघे सायकलवाले तिथेच आडवे झाले. तिसऱ्याला मास्तरांनी झुडपातून ओढून काढलं आणि काढता काढता त्याचं कमरेचं मापही घेऊन टाकलं.

वाटेची देखभाल करणारी माणसं तिथेच राबत होती. पाण्याला चर काढा, वाढलेली झुडपं छाटा, सुटे दगड उचला, अशी बिनपगारी हमाली. त्यांनी मास्तरांच्या हातात फावडं दिलं. फावडं हातात आलं आणि माणूस हातचा गेला. त्यानंतर एकही रविवार घरी नाही.

"पोराला कधी वळण लावलं नाहीत, आता डोंगराला लावताय!" वहिनी गरजायच्या.

"अगं, डोंगर उलट बोलत नाही."

"मग त्याच्याशीच संसार करा. त्या सवतीच्या घरी मी पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते."

मास्तरांनी ते वळण नव्याने बांधायला मागून घेतलं. मंडळींचे तेव्हाचे प्रमुख म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. ते हो म्हणाले. मास्तरांनी बाहीचा मुंढा कापतात तशी गोलाई खडूने आखली, माती चोपून चोपून बसवली, कडेला दगडांची पट्टी लावली. वळण असं देखणं झालं, की वाटावं आता याला बटणं लावायची तेवढी राहिली.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा पँटी आल्या. आता उजवे गुडघे!

आधी लोक वळणाच्या आत पडायचे, आता बाहेर पडू लागले, एवढाच काय तो फरक. त्यात कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने पिल्लू सोडलं, की मास्तरांनी वळण मुद्दाम तसं केलंय, धंदा वाढवायला. तो हसत म्हणाला, पण लोकांनी न हसता ऐकलं. मास्तरांना ते फार लागलं. त्या दिवशी त्यांनी एका शर्टाला पाठीवर खिसा लावला.

डॉक्टरांनीही सांगून टाकलं, "मास्तर, या रविवारपर्यंत बघू. जमलं नाही तर वळण बुजवून वाट खालून काढू. तुमचे कष्ट दिसतात, पण हाडं लोकांची आहेत."

रविवारी मास्तर तोंड एवढंसं करून वळणापाशी उभे होते. दुःखात शेजाऱ्याने सोबत करावी म्हणून मीही होतो, शिवाय वरच्या अंगाला बसायला छान सावली होती. इतक्यात वरून घंटी वाजली. बघतो तर वहिनी! रोज वाचनालयात कामाला ज्या सायकलवरून जातात त्याच सायकलवर, पुढची टोपलीही तशीच.

"बाजूला व्हा!" त्या ओरडल्या. मास्तर झाले. सायकल वळणात शिरली, अर्धी वळली आणि दगडांची पट्टी ओलांडून वहिनींसकट झुडपात गेली.

मास्तर धावले. मीही धावलो असतो, पण हसू आवरत नव्हतं. झुडपातून आधी टोपली आली, मग वहिनींचा आवाज.

"अहो, साऱ्या गावाच्या कपड्यांना ढीगभर माया सोडता. मग इथे का नाही सोडली?"

"कुठे?"

"या वळणाला! अगदी अंगाबरोबर शिवलंय. जरा कुणी इकडचा तिकडे झाला की शिवण उसवलीच!"

मास्तरांनी वळणाकडे एकदा नीट पाहिलं. मग त्यांनी खिशातून खडू काढला. वहिनींना हात द्यायचं विसरले, तो मी दिला आणि त्याबद्दल त्यांचे टोमणेही मीच खाल्ले. तोवर मास्तरांनी दगडांची पट्टी उचकटून बाहेरच्या अंगाला चांगली ऐसपैस जागा आखली. सगळ्यांनी मिळून माती ओढली, कडेला तिरका उंच बांध घातला. चुकलेल्या चाकाला तो अलगद आत वळवायचा. संध्याकाळी वहिनी पुन्हा वरून आल्या आणि घंटी वाजवत सरळ खाली निघून गेल्या. मास्तर टाळ्या वाजवायला लागले, तर त्या लांबून ओरडल्या, "टाळ्या नकोत, पँट शिवा माझी!"

त्यानंतर गुडघे यायचे बंद झाले. इस्त्रीवाला आता म्हणतो की मास्तरांनी स्वतःच्या पोटावर पाय आणला. हेही तो हसतच म्हणतो, आणि आता लोकही हसतात.

परवा मात्र डॉक्टर पँट घेऊन दुकानात आले. मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. मी पायरीवर कान टवकारले.

"कुठला गुडघा?" मास्तरांनी घाबरत विचारलं.

"गुडघा नाही हो," डॉक्टर कुजबुजले. "मागे. खाली बसताना."

मास्तरांनी पँट उलटी केली, शिवण बोटाने चाचपली आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसले.

"मग वळणाचा दोष नाही, डॉक्टर, जेवणाचा आहे. काळजी करू नका. आत माया आहे."