प्रल्हादरावांचा फिल्टर

सकाळी पावणेनऊला शोभाचा फोन आला तेव्हा मी आयटीआयच्या वर्कशॉपचं कुलूप काढत होतो. "प्रल्हादराव गेले," एवढंच माझी बायको म्हणाली आणि मग पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. प्रल्हादराव म्हणजे माझे साडू, शोभाच्या धाकट्या बहिणीचे, निर्मलाचे यजमान. केनवडला राहायचे. चहा पिऊन कप खाली ठेवला, भिंतीला टेकले आणि उठलेच नाहीत. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. अशी बातमी ऐकल्यावर मनात पहिल्यांदा काय आलं ते सहसा कुणी सांगत नाही. मी सांगतो. माझ्या मनात आलं, चला, आता ते कुणाला कळायचं नाही. दुःख त्यानंतर आलं, आणि ते खोटं नव्हतं... पण आधी हे आलं. याला दीड महिना झाला. मी जेवतो, वर्गावर जातो, रात्री झोपही लागते, तरी उठल्यावर अंगात त्राण नसतं. मी त्या एका विचाराने थकलो आहे, आणि त्याच्या मागच्या गोष्टीने त्याहून जास्त.

आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, आणि दोन साडभावांचं एकमेकांशी पटलं की सासुरवाडीला धडकी भरते. आमचं पटलं. मी डिझेल मेकॅनिक ट्रेडचा निदेशक, सव्वीस वर्षं पोरांना इंजिन उघडायला शिकवतोय, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. त्यांची थोडी कोरडवाहू शेती आणि एक जुनी सात सीटर एसयूव्ही. लग्नाचं वऱ्हाड, वाशिमच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट, शेगावला निघालेली कुटुंबं, सगळं त्या गाडीत. माणूस मोठा हौशी. गावात कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा यांनी बांधावर ड्रॅगनफ्रूटचे चार खांब रोवले, दोन जगले. चुलीशेजारी इंडक्शन आणून ठेवलं, ते वीज असेल तेव्हा चालायचं. लोक वस्तू पाहून घेतात, प्रल्हादराव घेऊन मग पाहायचे. निर्मला कपाळाला हात लावायची, पण हसायची. त्यांच्या हौसेला त्या घरात जागा होती, हे मला आज फार नीट आठवतं.

चार वर्षांपूर्वी, सोयाबीन काढणीला यायच्या सुमारास त्यांचा फोन आला. "मास्तर, गाडीसाठी एक वस्तू मांगवली. मोबाईलवर पाह्यली. तुमी रविवारी येता काय?" वस्तू म्हणजे बाहेरच्या कंपनीचा हवेचा फिल्टर. गाडीत मूळचा एक काळा प्लॅस्टिकचा डबा असतो, त्यात कागदी फिल्टर. इंजिनाला लागणारी हवा त्यातून गाळून आत जाते. तो डबा काढायचा आणि त्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत पाइप आणि त्याच्या टोकाला तेल लावलेल्या सुती कापडाचा शंकूसारखा फिल्टर बसवायचा. हवा मोकळी मिळते, गाडी जोरात ओढते, असं मोबाईलवरच्या व्हिडिओत सांगत होते. मी फोनवरच अर्धा तास व्याख्यान दिलं की कंपनीने जे दिलंय ते विचार करून दिलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खरं हाये तुमचं. पन आता आलंच हाये तं लावून पाहू."

रविवारी गेलो. अंगणात गाडी, बॉनेट वर, खाली पोत्यावर ओळीने मांडलेले पाने. पार्सल त्यांनी उघडलं नव्हतं, माझ्यासाठी ठेवलं होतं. लहान मुलाने खाऊ राखून ठेवावा तसं. काम तासाभराचं. डबा सुटला, पाइप बसला, फिल्टर बसला. राहिली पाइप आणि इंजिनाकडे जाणारी रबरी नळी यांना आवळून धरणारी एक पत्र्याची क्लिप. ती पाइपाच्या खालच्या अंगाला होती, दिसत नव्हती, हातानेच चाचपावी लागायची. मी वर्गात पहिल्या दिवशी सांगतो, आधी सगळं हाताने बसवा, मग पाळीने कसा, आणि जे कसलं त्यावर खडूची खूण करा, म्हणजे विसरणार नाही. त्या दिवशी क्लिप हाताने बसवली. एवढ्यात निर्मला दारात आली. "भाऊजी, रोडगे गरम हायेत तवर बसा." प्रल्हादरावांनी माझ्यापुढे हात केला. "पेचकस द्या मास्तर, तेवढी खालची मी कसतो." मी दिला नाही. "राहू द्या, आटे घालवून बसाल," म्हणालो. थट्टेतच म्हणालो, पण म्हणालो.

रोडगे, वांग्याची भाजी, वर तूप. पोट जड झालं. उठल्यावर मी वरचे दोन बोल्ट कसले, फडक्याने हात पुसले आणि झालं म्हणालो. ते म्हणाले, "एक डाव समदं हात लावून पाह्याचं काय?" मी म्हणालो, "मी बसवलंय, प्रल्हादराव." त्यांनी बॉनेट खाली केलं. मग आम्ही रिसोडच्या रस्त्याने गाडी काढली. ते चढावर पाय दाबायचे आणि माझ्याकडे वळून पाहायचे. "आयका, आयका कसी वढते." गाडी खरंच ओढत होती. इतका आनंद झालेला माणूस मी त्यानंतर जवळून पाहिला नाही.

फिल्टर कितीही चांगला असो, त्याच्या पुढे फट राहिली तर धूळ फिल्टरला विचारून आत जात नाही. पुढचे दीड-दोन महिने मळणीचे. शेतातले कच्चे रस्ते, प्रत्येक धुऱ्याबांधावर मळणीयंत्र, भुसा आणि माती हवेत तरंगत असलेली. गाडी रोज त्यातून. दिवाळीनंतर ती निळा धूर टाकायला लागली, ऑइल प्यायला लागली, चढावर दमायला लागली. वाशिमला एका मिस्त्रीकडे उघडली तेव्हा मीही गेलो, जाणकार म्हणून. प्रल्हादरावांना बघवेना, ते समोर चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, इंजिननं धूळ खाल्ली. रिंगा गेल्या, सिलिंडर गेले." तो आत पाना आणायला वळला आणि मी पाइप सोडवायला हात घातला. क्लिपला पेचकस लावावाच लागला नाही. ती माझ्या बोटांबरोबर निघून आली. नळीच्या आतून, नेमकं त्या सांध्यापासून, तपकिरी धुळीचा पट्टा पुढे गेलेला होता. पहिल्या वर्षाच्या पोरानेही ओळखला असता. माझ्या हातात फडकं होतं. मी तो पट्टा पुसून टाकला.

प्रल्हादराव आत आले. "कायनं झालं मास्तर?"

मी म्हणालो, "हे बाहेरचे फिल्टर आपल्या धुळीत टिकत नाहीत. मी सांगितलं होतं."

"हो," ते म्हणाले, "सांगतलं होतं तुमी."

ठरवलं होतं की दोन दिवसांनी सांगू. दोन दिवसांचे आठ झाले. नंतर सांगायचं तर आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं, आणि ते फडक्याचं. लग्नसराईभर गाडी मिस्त्रीकडे उघडी पडली होती. त्याच सराईत आमच्या मोठ्या मेहुण्याच्या, गजाननरावांच्या मुलीचं लग्न निघालं आणि लग्नात पंगतीपेक्षा जास्त चव लोकांनी प्रल्हादरावांच्या फिल्टरची घेतली. वऱ्हाड न्यायला गाडी भाड्याने आणावी लागली होती, त्यामुळे विषय आयताच होता. गजाननराव मांडवात उभे राहून म्हणाले, "हौसेले मोल नसते म्हनतात जावईबापू, पन इंजिनले असते." सगळे हसले. कुणी म्हणालं, चांगल्या गाडीले नवं नाक बसवलं अन् जीव घेतला तिचा. पुन्हा हसले. मी पण हसलो. प्रल्हादरावही हसले आणि म्हणाले, "चुकलं बावा आपलं. मास्तरायचं आयकाले पाह्यजे होतं." मग लोक माझ्याकडे आदराने पाहायला लागले. त्या मांडवात सर्वांत शहाणा माणूस मी ठरलो.

एकदा मात्र मी तोंड उघडलं होतं. दोन वर्षांनी, रिसोडला चहा पिताना. "प्रल्हादराव, त्या फिल्टरचं एक..." एवढंच बोललो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ द्या ना मास्तर. कायले त्याचं नाव काढता?" त्यांना लाज वाटत होती. त्यांच्या लाजेच्या आड मला लपायला जागा मिळाली, आणि मी लपलो. आणखी दोघांचा चहा सांगितला.

गेल्या रविवारी केनवडला गेलो. आता घरात पाहुण्यांची गर्दी नाही. निर्मला त्यांची खोली आवरत होती. गाडी अंगणात ताडपत्रीखाली, मूळच्या काळ्या डब्यासकट. निर्मलाने कपाटाच्या माथ्यावरून एक खोकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आत तो फिल्टर. धुतलेला, सावलीत वाळवलेला, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. त्यांनी तो टाकला नव्हता. ती म्हणाली, "हे तुमी घेऊन जा भाऊजी. तुमच्या पोराईले दाखवाले होईन. असं करू नोका म्हना, एका मान्सानं केलतं."

मी खोकं हातात घेतलं आणि तिथेच, पलंगाच्या कडेवर बसून, तिला सगळं सांगितलं. क्लिप, रोडगे, पेचकस, फडकं. ती हातातल्या चादरीची घडी घालत राहिली, मोडली, पुन्हा घातली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा म्हणेल की जाऊ द्या, आता काय. माणूस कबुली देतो तेव्हा माफीची ताटली समोर येईल असं धरूनच चालतो.

"त्याईले माहीत होतं काय?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग मी त्याईले जे बोलली त्याचं काय करू?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी हासले म्हनता. मी हासली नाई, मी बोलली. लई बोलली भाऊजी. समदी सराई बोलली. घर बुडवाले बसले म्हनलं. ते खाली पाहून आयकत. तुमी तवा एक शब्द काढला असता तं मी नसती बोलली."

मी हातातलं खोकं मांडीवर टेकवलं.

मग ती म्हणाली, "तवापासून त्याईनं सोताच्या मनानं काई घेतलं काय? सांगा तुमी. उशीची खोळ घ्याची तरी म्हनत, थांब, मास्तराईले इचारतो. मले वाटे, बरं झालं, आली अक्कल." तिने माझ्या हातातून खोकं परत घेतलं, फडकं नीट सारखं केलं आणि कपाटावर होतं तिथे ठेवून दिलं. "हे आता राह्यते इथंच. आन् मले एकटीले नोका सांगू. हासले तवा समदे होते. समद्याईले सांगा."

म्हणून हे लिहितो आहे. गजाननराव वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, मांडवातले बाकीचेही कुणी ना कुणी वाचतील. तर सर्वांसाठी सांगतो. प्रल्हादरावांनी आणलेला फिल्टर चांगला होता. त्यांची निवड चुकली नव्हती. क्लिप मी ढिली ठेवली, पेचकस मी दिला नाही, आणि पुरावा मी पुसला. तुम्ही ज्याला हसायला हवं होतं तो मांडवात दुसऱ्या बाजूला बसला होता आणि तुमच्याबरोबर हसत होता.

हे लिहून मन हलकं होईल असं वाटलं होतं, झालं नाही. काल मोबाईलमध्ये त्यांचं नाव उघडून बसलो. चार वर्षांचे फोटो आहेत. दुकानात उभं राहून काढलेले, थोडे हललेले. कूलर. छत्री. बॅटरी. गादीचं कापड. रबरी चप्पल. प्रत्येकाखाली एकच ओळ, घेऊ का मास्तर. आणि त्याखाली माझी उत्तरं, थांबा, दुसरं पाहा, कशाला उगाच. हे वाचताना मला तेव्हा बरं वाटायचं. साडू आपल्याला मानतात असं वाटायचं. घेऊन मग पाहणारा माणूस विचारून घ्यायला लागला, आणि विचारायला आला तो माझ्याकडे... शेवटचा फोटो ते जायच्या आठ दिवस आधीचा आहे. रिसोडच्या कुठल्या तरी दुकानातला आरसा, आणि आरशात प्रल्हादराव, निळ्या-पिवळ्या चौकड्यांचा नवा शर्ट छातीशी धरून. चेहरा हसरा आहे. खाली लिहिलंय, घेऊ का. मी लिहिलंय, नको, भडक दिसेल. त्यावर त्यांनी अंगठा पाठवला आहे.