मॅव्हिसनं पुसलेल्या ओळी

मॅव्हिस टर्पिनला चर्चमध्ये देवापेक्षा पितळेची काळजी जास्त, असं आमचा लेन म्हणायचा. लेन म्हणजे चर्चचा कारभारी. तोंडानं फटकळ, पण दर शनिवारी तिच्यासाठी थर्मासमधून चहा आणणारा.

"देव घेतो स्वतःची काळजी," मॅव्हिस म्हणायची. "कॅप्टनला कोण आहे?"

कॅप्टन एडमंड थ्रेल चारशे वर्षांपूर्वी उत्तरेच्या समुद्राचे नकाशे काढून परतला आणि शेवटी आमच्या चर्चच्या फरशीखाली निजला. त्याला बघायला बस भरभरून माणसं येतात. थडग्यावर पितळी पत्रा आहे, त्यावर मजकूर कोरलेला. तो पत्रा मॅव्हिस एकेचाळीस वर्षं घासत आली. गुडघ्यांखाली उशी, हातात नवऱ्याच्या जुन्या बनियनची चिंधी. नवरा गेला त्या आठवड्यातही ती आली. म्हणाली, "घरी बसून काय करू? तिथं चकाकणारं काहीच उरलं नाही."

यंदा मार्चमध्ये जुन्या पितळकामाचे जाणकार, ऑर्मरॉड साहेब, पाहणीला आले. पालथे पडून, भिंग लावून तासभर बघत राहिले.

"हे कोण घासतं?"

"मी!" मॅव्हिस कौतुक ऐकायला पुढे झाली.

"मिसेस टर्पिन, हे घासायचं नसतं. दर वेळी थोडं थोडं झिजतं. शेवटच्या दोन ओळी पार गेल्यात."

लेन कपात बघत बसला. मॅव्हिसनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी पुसल्या?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"लेन, तुला दिसत नव्हतं?"

"अगं, मला हल्ली पेपर दिसत नाही."

कुणी हसलं नाही. तिनं पॉलिशचा डबा, चिंधी आणि चर्चची किल्ली लेनच्या हातात ठेवली. "मी आता येत नाही. आणखी काय काय पुसून ठेवीन, कोण जाणे."

ती दारापाशी पोचली, तेव्हा साहेबांनी विचारलं, "त्या ओळींत काय होतं? पुस्तकांत सगळ्यांनी फक्त कॅप्टनचाच मजकूर उतरवलाय."

"बायको होती त्याची. जोन." मॅव्हिस वळली नाही. "'याच दगडाखाली त्याची पत्नी जोन. अकरा वर्षं वाट पाहिली. आता शेजारी आहे.'"

"नक्की?"

"अहो, त्याच ओळी मी सगळ्यात जास्त घासायचे." ती आता वळली. "कॅप्टनला सगळं जग बघतं. हिला कोण बघतं? म्हणून हिला चार हात जास्त."

साहेबांनी तिला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसले, वही उघडली. "सावकाश सांगा. कुठलं अक्षर मोठं, कुठं फूल कोरलं होतं, सगळं. हे आता फक्त तुमच्यापाशीच आहे."

ती सांगत होती तसं तिचं बोट स्वतःच्याच मांडीवर एकेक अक्षर गिरवत होतं.

ती निघाली तेव्हा लेननं किल्ली पुन्हा तिच्या पर्समध्ये कोंबली. "शनिवारी यायचं."

"चिंधी नाही तर मी करू काय?"

"बोल! एरवी कुठं गप्प असतेस?"

शनिवारी ती आली. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून हातमोजे घालूनच बसली. अकराच्या बसमधून उतरलेल्या एका बाईनं विचारलं, "कॅप्टन थ्रेल कुठं आहेत हो?"

मॅव्हिस बाकाला धरून उठली.

"हे इथं. पण आधी त्यांच्या बायकोचं ऐका. तिचं नाव आता दिसत नाही, ते माझ्यामुळे."