चटणी लागलेली अबोली

अमळनेरहून सुरतेला निघाले तेव्हा पिशवीत ताईसाठी अबोलीची वेणी होती. ताईचा एक डोळा पूर्वीच गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. फोनवर ती रोज म्हणायची, "माले समदं दिखस" (मला सगळं दिसतं). पण पहिला डोळा जातानाही ती हेच म्हणत होती. साड्यांना टिकल्या चिकटवत राहिली आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. म्हणून मी मुद्दाम अबोलीची वेणी केली. मोगरा असता तर वासावरून ओळखून ती मोकळी झाली असती. अबोलीला वासच नाही.

सुरत स्टेशनाबाहेर लोचो (डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ) बांधून घेतला. ताईचा आवडता.

"तीखी चटणी चालसे, मासी?" (तिखट चटणी चालेल ना, मावशी?) गाडीवाल्याने विचारलं.

"घाल की भरपूर," मी म्हटलं, आणि तिथेच फसले. ताई राहते त्या कोसाडला जाणाऱ्या रिक्षात एका खड्ड्यात पुडी पिशवीतच फुटली. तापीच्या पुलावर सगळे गार वारा खात होते आणि मी वेणी रुमालाने पुसत बसले होते. नदी इथे केवढी रुंद झालीय, पण आहे आमच्याकडचीच, एवढाच काय तो धीर.

वसाहतीत ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर. काळा चष्मा लावून ती दारातच खुर्चीवर बसली होती.

"ये वं. लोचो लई उनी ना?" (ये गं. लोचो घेऊन आलीस ना?)

माझी धाकधूक वाढली. हे तर तिने वासावरून ओळखलं होतं. मी वेणी तिच्या हातात दिली. तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"आबोली शे. तिले चटनीना वास कसा काय?" मग वेणी जवळ धरून म्हणाली, "आन् दोन फुलं उलटी शेतस. माय तुले कितलं सांगे." (आणि दोन फुलं उलटी आहेत. माय तुला किती सांगायची.)

मायच्या हाताखाली वेण्या शिकलो तेव्हापासून माझी दोन तरी फुलं उलटी जातात. ताईने गाठ सैल केली, दोन्ही फुलं सरळ केली, दोरा ओढला. बोट कुठे चाचपडलं नाही. माझे डोळे भरून आले.

"का वं, काय झाये?"

"चटणी झोंबली," मी म्हटलं. मग आम्ही वेणी मायच्या फोटोला घातली आणि लोचो संपवला.

परतीच्या गाडीत छान झोप लागली, किती दिवसांनी. ताईने माझ्या कामात खोट काढली की जन्मभर मला राग आला. त्यासाठी देवाचे आभार मानावे लागतील असं कधी वाटलं नव्हतं. मानले, अगदी मनापासून.

घरी आल्यावर अंगणातली अबोली खुडून वेणी करायला बसले. दोन फुलं उलटी गेली. तशीच ठेवली. ताईने वेणीचा फोटो पाठवायला सांगितलाय.