करीमचाचांचा कान

कासारवाडीचे करीमचाचा चाकणच्या आमच्या कंपनीत तीस वर्षं फिटर होते. पवनचक्कीचा गिअरबॉक्स टेस्ट बेंचवर फिरू लागला की ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "रडतंय," म्हणाले की गिअरबॉक्स उघडायचा. दोष सापडायचाच.

माझं काम कॉम्प्युटरवर. वारा कमीजास्त झाला की कुठला दाता, कुठला शाफ्ट किती थरथरेल, याचं गणित मांडायचं. चुकलं तर ऐंशी मीटर वर चढणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ. नव्या गिअरबॉक्सच्या गणितात एका ठरावीक वेगाला थरथर एकदम उसळत होती. बेंचवरच्या सेन्सरलाही किंचित काही दिसलं. "चाचांना विचार की, कॉम्प्युटरला कशाला छळतेस?" असं म्हणून सगळे हसले. मी चाचांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ठेवली.

"काय न्हाई, श्रद्धाबेटा. एकदम मख्खन."

म्हणजे माझंच चुकलं, असं मी धरून चालले. थरथर जिरवणारा आकडा थोडा वाढवला, मग आणखी थोडा, उसळी सपाट होईपर्यंत. गणित चाचांच्या कानाशी जुळलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता लिहितानाही स्वतःची चीड येते.

अकरा महिन्यांनी डोंगरावरच्या चक्कीत तो गिअरबॉक्स फुटला. वेगळाच आवाज येतोय म्हणून रणजीत नावाचा टेक्निशियन वर चढला होता. सत्तावीस वर्षांचा. जागीच गेला.

तुकडे चाकणला आले. चाचा मोडक्या दात्यांवरून बोटं फिरवत उभे होते. शेजारी दुसरा गिअरबॉक्स बेंचवर फिरत होता.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले, "बारीक आवाज मला येतच न्हाई. हाताला थरथर लागायची, त्यावर सांगायचो. तुमी सगळे एवढं मानायचा, तोंड उघडवेना." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुझा कॉम्प्युटर काय म्हणाला व्हता?"

मी हळूच सांगितलं.

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला.

पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून.

"फुटेल म्हणाला होता, चाचा!" मी ओरडले. "मीच त्याला गप्प केलं!"

सगळ्या वर्कशॉपनं वळून पाहिलं. चाचांनाही या वेळी ऐकू आलं.