गरम येतंय का?

न्यूझीलंडमधल्या आमच्या लोअर हटमध्ये थंडीत दोन मराठी माणसं भेटली की "कसे आहात?" असं कोणी विचारत नाही. "गरम येतंय का?" असं विचारतात! कारण आमच्या सगळ्यांच्या घरांत एकाच काळातले आणि एकाच स्वभावाचे डक्टेड गॅस हीटर आहेत. यंत्र घराखाली, तिथून जाडजूड नळ्या प्रत्येक खोलीत, आणि जमिनीतल्या जाळीतून गरम हवा. निदान तशी अपेक्षा. कुणाकडे गार हवा यायला लागली की हीटर दुरुस्त व्हायच्या आधी त्याचा किस्सा आमच्या ग्रुपवर पोचतो. दर हिवाळ्यात अशा किश्श्यांत भर पडते.

या वर्षी मला मात्र त्यातलं हसू जरा उशिराच आलं. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. मी एकुलती एक. आईने आता इथेच राहावं असं मला आणि माझ्या नवऱ्याला, निखिलला, मनापासून वाटत होतं. तिचं परतीचं तिकीट जुलैअखेरचं होतं. विषय काढला की ती म्हणायची, "लेकीकडे चार दिवस बरं असतं गं. आणि तुमची ही थंडी काही मला झेपायची नाही."

पहिल्या कारणावर माझ्याकडे इलाज नव्हता. दुसऱ्यावर होता. म्हणजे सगळी मदार हीटरवर!

* * *

सुरुवात मिलिंदपासून झाली. मिलिंद आणि शुभांगी आमच्या मागच्या रस्त्यावर राहतात. हा आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांच्याकडे अर्धा वेळ गरम हवा आणि अर्धा वेळ गार. मिलिंदने गॅस तपासला, जाळ्या तपासल्या, हीटरच्या कंपनीला लांबलचक ईमेलसुद्धा लिहिली.

शेवटी शुभांगीने भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे नीट पाहिलं. पंख्याचं बटण 'ऑटो'वर हवं, ते 'ऑन'वर होतं. म्हणजे आत ज्योत पेटलेली असो वा नसो, पंखा आपला फिरतोय!

"हे कोणी केलं?"

"मी," मिलिंद म्हणाला. "ऑटो म्हणजे ते आपलं आपण ठरवणार. माझ्या घरात काय चालू राहायचं ते मी ठरवतो!"

शुभांगीने बटण फिरवलं. आता कोणी विचारलं की ती सांगते, "आमच्याकडे सगळं ऑटोवर असतं. मिलिंदसुद्धा!"

* * *

अमेय इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. एकटा राहतो, जून महिन्यात, म्हणजे इथल्या ऐन थंडीतही, जँडल्स नावाच्या रबरी चपला घालून फिरतो. त्याच्याकडे हीटर थोडा वेळ तापायचा आणि मग नुसतं गार वारं सोडायचा.

मी विचारलं, "फिल्टर कधी धुतलास?"

"त्याला फिल्टर असतो?"

हा त्या घरात कित्येक हिवाळे राहतोय! पॅसेजमधली मोठी जाळी उघडली तर आत राखाडी रंगाची गोधडीच निघाली. हवाच आत जाईना, म्हणून यंत्र जास्त तापायचं आणि सुरक्षेसाठी ज्योत आपोआप बंद व्हायची. अमेयने तो फिल्टर धुतला आणि वाळायला बाहेर तारेवर टाकला. आमच्याकडच्या वाऱ्यात! तासाभरात तो गायब.

संध्याकाळी शेजारचे आजोबा फिल्टर हातात धरून दारात उभे. "किया ओरा!" त्यांनी इथला माओरी नमस्कार केला. "हे तुझं पायपुसणं उडून आलं. आता फेकून दे रे, झिजलंय फार."

* * *

शुभांगीचा हीटर सुधारला, पण तिला त्यातून भलतंच काहीतरी सुचलं. इथे ऊन नाही, मग जमिनीतून येणाऱ्या गरम हवेचं काय करायचं? तिने घरातल्या बहुतेक सगळ्या जाळ्यांवर प्लॅस्टिक अंथरून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. दुपारपर्यंत हीटर रुसला. मेकॅनिकला बोलवावं लागलं. तो बिचारा पापड्या चुकवत, पाय उचलून टाकत घरभर फिरला.

"हवेला वाट ठेवा, नाहीतर हीटर पुन्हा बंद पडेल," त्याने बजावलं. शुभांगीने ओशाळून त्याला आधी वाळलेल्या पापड्या तळून दिल्या. त्याने एक खाल्ली, मग दुसरी खाल्ली, आणि जाता जाता म्हणाला, "गेस्ट रूममधली एक जाळी झाकलेली राहिली तर चालेल."

* * *

पुढचा किस्सा आमच्याच घरी घडला. सगळं घर उबदार आणि आईच्या खोलीत मात्र जाळीतून नावालाही ऊब नाही. आईने हे कुणाला सांगितलं नाही! दोन स्वेटर, मफलर आणि पायमोजे घालून ती वाचत बसायची. मी विचारलं की म्हणायची, "मला कुठे थंडी वाजते?" एकदा मीच तिच्या पलंगावर टेकले तर गादी बर्फासारखी गार. मला रडूच आलं. आपण आईला राहा राहा म्हणतोय, आणि ती बिचारी दिवस मोजत कुडकुडत बसली आहे.

निखिल तसाच घराखाली शिरला. तिच्या खोलीकडे जाणारी नळी सांध्यातून निखळली होती. सगळी गरम हवा तिथेच मातीत, आणि त्या हवेच्या झोतासमोर शेजाऱ्यांचं जाडं मांजर पाय ताणून झोपलेलं. निखिलने नळी बसवली आणि मांजराला बाहेर काढलं.

आईने त्या मांजराकडे पाहिलं. "व्हिसा नाही, तिकीट नाही," ती म्हणाली, "तरी माझ्यापेक्षा सुखात होतं!"

ती हसली म्हणून आम्हीही हसलो. पण तिकीट हा शब्द माझ्या कानातून जाईना.

* * *

आणि मग आमच्या हीटरने खरा घोळ घातला. आम्ही बाहेर जाताना तो चालूच ठेवतो, परत आल्यावर घर उबदार असावं म्हणून. पण सगळे मिळून बाहेर जाऊन आलो की घर गारठलेलं आणि जाळीतून गार वारं! निखिलने बंद करून पुन्हा चालू केला की थोड्या वेळात ठीक. मेकॅनिक आला तेव्हा आई दिवसभर घरीच होती, आणि हीटर अगदी शहाण्यासारखा चालत होता. त्याने अंगठा वर केला. "स्वीट ॲज!" म्हणजे सगळं झकास.

तिकीट बदलायचं तर त्याच आठवड्यात बदलायला हवं होतं. शनिवारी सकाळी निखिलने आईला विचारलं. ती "बघू" म्हणाली. मग आम्ही सगळे जॉन्सनव्हिलला वाणसामान आणायला गेलो. परत आलो तर घरात पुन्हा गार वारं.

माझा धीर सुटला. मी ग्रुपवर लिहिलं, आणि सगळी फौज हजर झाली. मिलिंद टॉर्च घेऊन घराखाली शिरला. अमेयने फिल्टर काढला, कारण आता तो फिल्टरचा जाणकार! निखिल थर्मोस्टॅटचे सेल बदलत होता. मी मॅन्युअल वाचत होते. आणि सामान लावून बाहेर निघालेल्या आईला शुभांगीने आल्या आल्या दारातच गाठून लोणच्याची कृती विचारायला घेतली होती.

हीटर काही केल्या पेटेना. "पंखा ठीक आहे, स्पार्क पडतोय, पण ज्योत नाही!" मिलिंद खालून ओरडला. "थांबा, जरा ठोकून बघतो!"

तेवढ्यात आई म्हणाली, "आलेच हं, कोथिंबीर घेऊन येते," आणि बाजूच्या वाफ्याकडे गेली.

"आता चालू करा!" मिलिंद ओरडला. निखिलने बटण दाबलं. खालून आरोळी आली, "आली! ज्योत आली! म्हटलं नव्हतं, ठोकायलाच हवं होतं!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अमेयने टाळ्या वाजवल्या. मी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. बाहेर भिंतीपाशी आमच्या हीटरच्या गॅसच्या दोन उंच बाटल्या, म्हणजे सिलिंडरच, आहेत. त्यांच्यावरची चावी नुकतीच फिरवून आई पदराला हात पुसत होती.

ती जुडी घेऊन आत आली.

"आई, तू आत्ता बाहेर काय केलंस?"

"काय केलं? गॅस चालू केला. घरातून निघताना बंद केला होता ना."

"दर वेळी बंद करतेस?"

"मग! घराला कुलूप लावायच्या आधी सिलिंडर बंद करायचा, एवढं तरी माहीत आहे ना तुला? तुम्ही सगळे गाडीत बसता, मी आपली बंद करून येते. आल्यावर चालू करते. आज हिने दारातच अडवलं म्हणून राहून गेलं."

खालून मिलिंद अजून विचारत होता, "ऐकलंत ना? मी काय म्हटलं होतं?"

शुभांगी तोंडावर हात धरून हसत होती. निखिलने सेलचं पाकीट खाली ठेवलं.

"आई," त्याने हळूच विचारलं, "मग तिकिटाचं काय करायचं?"

आईने कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि विळीसाठी खण उघडला.

"तिकिटाचं काय घेऊन बसलात! मी गेले तर इथे गॅस कोण बंद करणार?"