जे खोटं वाटेल ते

आम्हा दोन घरांचा रविवारचा चहा लंडनच्या वेम्बलीत एकत्र असतो आणि दर वेळी काहीतरी घडतंच. हे लिहून ठेवायचं असं मी किती वेळा ठरवलं! पण खरं काय नि खोटं काय हेच कळत नाही, तर लिहू काय, कपाळ?

सगळ्याच्या मुळाशी पराग, आमचा नागपूरचा मित्र. अमेरिकेच्या व्हिसाची वर्षानुवर्षं वाट बघताना त्याने अमेरिकेबद्दल मिळेल ते वाचून काढलं. व्हिसाच्या लॉटरीत नंबर काही लागला नाही. माणूस आला इथे, डोकं राहिलं तिकडे!

*

एकदा मी थालीपिठाबरोबर काकवी ठेवली.

"जपून," पराग म्हणाला. "बॉस्टनमध्ये असल्याच काकवीच्या पुरात माणसं गेली होती."

"काकवीच्या पुरात?"

"टाकी फुटली. रस्त्यात घराएवढी लाट!"

"सकाळी सकाळी काही घेऊन आलायस का रे?"

त्याची बायको ऋजुता शांतपणे म्हणाली, "फोनवर बघ." बघितलं, तर खरं! त्या दिवशी काकवीला कोणी हात लावला नाही.

*

मग आमच्या भिंतीला तडा गेला. घर तपासायला सर्व्हेअर आला. बिचारा गोरा, भला माणूस. परागने त्याला गाठलंच. शिकागोत म्हणे अख्खं हॉटेल जॅक लावून वर उचललं होतं, आत गिऱ्हाइकं राहत असताना!

सर्व्हेअर तीनदा "लव्हली" म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्याने रिपोर्ट आला. शेवटची ओळ होती, "तूर्तास जॅकची गरज नाही."

*

रेवा, त्यांची नऊ वर्षांची मुलगी. शाळेत जंगलाचं चित्र काढायला सांगितलं, तर हिने कागदभर खोडं काढली आणि खाली लिहिलं, "एक झाड."

टीचरने विचारलं. रेवा म्हणाली, "अमेरिकेत आहे. सगळ्यांचं मूळ एकच. डॅडने सांगितलं." टीचरने घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी स्वतःच शोधून बघितलं आणि रेवाला स्टिकर दिला.

रेवा आपल्या इंग्रजी वळणाच्या मराठीत मला म्हणाली, "मावशी, बाबाचा गोष्ट खोटा वाटला ना, की तो खरा असते."

माझाही अनुभव तोच होता.

*

आता मुख्य भानगड. इथे कायमचं राहायचं तर इथल्या इतिहासाची, कायद्यांची टेस्ट द्यावी लागते. पराग दोनदा नापास! त्याची कंपनी व्हिसा वाढवायला तयार नव्हती. म्हणजे तिसऱ्यांदा नापास झाला की बॅगा भरा. ऋजुताने भरायला घेतल्याही होत्या, आणि रेवा रोज विचारत होती, "माझा शाळा सुटणार?"

मी त्याची तयारी करून घ्यायला बसले.

"स्कॉटलंडची राजधानी?"

"ग्लासगो."

"अरे, तू दोन वर्षं एडिनबरात काढलीस ना!"

"म्हणूनच सांगतो. ती राजधानी वाटत नाही."

मी पुस्तक मिटलं. तर हा सांगतो, "लुइझियानात एक तळं होतं. तेलासाठी भोक पाडायला गेले, ते खालच्या मिठाच्या खाणीत! अख्खं तळं आत गेलं, बोटींसकट. मग बोटी परत वर आल्या. आणि माणूस एकही मेला नाही."

"पराग, तुझी मुलगी तिकडे रडतेय आणि तुला तळी सुचतायत?" मी ओरडलेच. रात्री गुपचूप शोधलं. तेही खरं!

*

टेस्टच्या दिवशी आम्ही त्यांच्याकडेच बसलो होतो. हॉलभर बॅगा. पराग आला, चेहरा पांढराफटक.

"पास झालो."

आम्ही तिघींनी आळीपाळीने ती मेल वाचली. पास!

"अरे, पण कसा?"

"घरी पाठ केलेलं सगळं विसरलो. मग प्रत्येक प्रश्नाला जे उत्तर सगळ्यात खोटं वाटलं, त्यावर टिक केलं."

ऋजुता मटकन बॅगेवर बसली आणि रडायला लागली. मला हसावं की त्याला बदडावं कळेना.

रेवा मात्र बापाकडे टक लावून बघत होती. "आपण नाही जाणार? मला हे खोटा वाटतो, बाबा."

पराग तिच्यासमोर खाली बसला. "खूप खोटं वाटतंय?"

"खूप."

मग ती उठली, बॅग उघडली आणि आपली पुस्तकं एकेक करून फळीवर लावायला लागली.