सड्यावर लागलेला निकाल

माझी भाची सोळाव्या वर्षी इंग्लंडमधली शाळेची शेवटची परीक्षा, म्हणजे तिकडची दहावी, देऊन आमच्याकडे राहायला आली. निकाल ऑगस्टमध्ये, ती इथे असतानाच होता. हातखंब्याजवळच्या आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. म्हणून ती, मी आणि माझे वडील छत्र्या घेऊन वरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, गेलो. वडिलांनी हयातभर हायस्कुलात गणित शिकवलेलं.

"टक्के किती?" त्यांनी विचारलं.

"टक्के नसतात, आजोबा. प्रत्येक विषयाला एक ते नऊ आकडे. नऊ सगळ्यात चांगला."

"मग बेरीज?"

"बेरीज करत नाहीत."

आपल्यावर राज्य केलेले लोक बेरीज करत नाहीत, हे पचवायला वडिलांना थोडा वेळ लागला.

फोनवर निकाल उघडला. चित्रकला नऊ, इंग्रजी आठ, गणित तीन. पास व्हायला चार लागतात. ती पाठ फिरवून रडली. वडिलांनी तिच्यावर छत्री धरली आणि स्वतः भिजले. नापास मुलांना सुनावायची त्यांची ठरलेली वाक्यं होती. त्यातलं एकही त्यांनी काढलं नाही.

उतरताना शेजारच्या काकी भेटल्या. "काय गो, लागला निकाल?"

मी "चांगला लागला" म्हणणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "गणितात नापास झाले, काकी."

"होतात गो," काकी म्हणाल्या. "चहा पिऊन जा."

दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी तिला पडवीत अपूर्णांकांना बसवलं. त्यांचा तास पूर्वी शेजारच्या वर्गालाही ऐकू जायचा. इथे तो रस्त्यापर्यंत गेला. भाचीने पेन्सिल खाली ठेवली.

"आजोबा, ओरडलात तर मला काहीच येत नाही."

मी स्वयंपाकघरात होतो. वडील आत आले, पाणी प्यायले, परत गेले आणि हळू आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली. ती परत जाईपर्यंत आवाज चढला नाही.

नोव्हेंबरात तिने पुन्हा पेपर दिले. जानेवारीत घरातल्या लँडलाइनवर तिचा फोन आला, तेव्हा वडील रिक्षाने बाजारात जायला निघत होते. गणितात पाच.

"आजोबा, थँक्यू! आता मला आयुष्यात कधीच गणित करावं लागणार नाही!"

"छान," वडील म्हणाले. फोन माझ्याकडे दिला आणि बाजारात न जाता पडवीत जाऊन बसले.